व्याह्यांसाठी उन्हाळ्याची गाणी

तुमच्या मामाच्या लग्नातली जपानी गाणी मी निवडली, हे फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही दोघंही हसलात. ‘आजी, यू डोन्ट इव्हन नो जॅपनीज!’ असं धाकटा म्हणाला. ते खरं आहे. पण ती गाणी कशी निवडली गेली, ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही. मध्येच तुमची शाळेची बस येते. व्हिसाच्या कागदांपायी तुम्हाला लग्नाला येता आलं नाही, तेव्हा एवढं तरी सविस्तर तुमच्यापर्यंत पोचायला हवं. तुमची आई वाचून दाखवील. तिने मधली पानं गाळली तर मला कळवा.

सुरुवात साखरपुड्यापासून करते. तो आमच्या अल मनखूलच्या फ्लॅटमध्येच झाला. मामी इथे दुबईत नोकरीला असली तरी तिचे आईवडील जपानमधल्या समुद्राकाठच्या लहानशा गावात राहतात, आणि ते त्या दिवशी पहिल्यांदा आमच्याकडे आले. आमची माणसं किती होती ते सांगत नाही. चपलांचा ढीग लिफ्टपर्यंत गेला होता, एवढं पुरे. व्याही आणि विहीणबाई सोफ्यावर शेजारी शेजारी बसले. पाठ सरळ, मांडीवर बशी. कोणी समोर आलं की दोघं मान लववत. बशीत कोणी काही वाढलं की खात. आपल्याकडे तीनदा नको म्हटल्याशिवाय वाढणं थांबत नाही, आणि त्यांच्याकडे वाढलेलं नाकारत नाहीत, त्यामुळे व्याह्यांच्या पोटात किती गुलाबजाम गेले ते तेच जाणोत. पण संध्याकाळभर ते हसतमुख होते. मला वाटलं, सगळं छान पार पडलं.

दुसऱ्या दिवशी मामी एकटीच आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. मी उरलेलं सामान डब्यांत भरून त्यावर चिठ्ठ्या लावत होते.

‘आई,’ ती म्हणाली. हा शब्द ती पहिल्यापासून मराठीत म्हणते, बाकी आमचं बोलणं इंग्रजीत चालतं. ‘मी बाबांना विचारलं, कसं वाटलं? ते म्हणाले, फार चांगली माणसं आहेत, पाहुण्यांची फार काळजी घेतात.’

‘मग? चांगलंच म्हणाले की.’

‘पाहुण्यांची, आई.’ तिचे डोळे भरून आले. ‘माझ्या लग्नात माझे बाबा पाहुणे म्हणून बसणार का?’

मी चिठ्ठ्या खाली ठेवल्या. लग्नाला त्यांच्याकडून तिचे आईवडील आणि एक आत्या, एवढेच येणार होते. आमच्याकडून पुणं, नाशिक, मस्कत आणि इथली आमच्या शेजारची वस्ती, निम्मं करामा. ती तीन माणसं एका कोपऱ्यातल्या टेबलाशी पाठ सरळ ठेवून बसलेली माझ्याही डोळ्यांसमोर उभी राहिली.

‘त्यांना काय आवडतं?’ मी विचारलं. ‘गातात? नाचतात?’

‘वर्षातून एकदा नाचतात. उन्हाळ्यात.’

मग तिने सांगितलं. त्यांच्या गावात उन्हाळ्यात एक उत्सव असतो. शाळेच्या मैदानात मधोमध लाकडी मचाण बांधतात, त्यावर मोठा ढोल ठेवतात, आणि संध्याकाळी सगळं गाव त्याच्याभोवती गोल धरून नाचतं. पोरं, म्हातारे, पोस्टमन, डॉक्टर, सगळे. तिचे बाबा पाणीपुरवठा खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. पण त्या संध्याकाळी ते असे नाचतात की नवशिके त्यांच्या मागे उभे राहून पावलं शिकतात.

‘ती गाणी लग्नात लावली तर ते उठतील,’ ती म्हणाली. ‘एकदा उठले ना, की मग ते पाहुणे राहणार नाहीत.’

‘उन्हाळ्याची गाणी डिसेंबरात?’ मामा दारातून म्हणाला.

‘दुबईचा डिसेंबर म्हणजे आमचा उन्हाळाच,’ ती म्हणाली, आणि डोळे पुसून हसली.

गाणी निवडायचं काम मी अंगावर घेतलं. तिला ऑफिसातून वेळ नव्हता, आणि मामावर सोपवलं असतं तर त्याने ‘डीजे बघेल ना, यल्ला, चला’ म्हणून हात झटकले असते. तुम्हाला ठाऊक आहे, मी कितीतरी वर्षं इथल्या शाळेचं टाइमटेबल करत असे. कोणता तास कोणत्या तासानंतर, कोण कोणावर आदळता कामा नये, हे मला कळतं. मामीने उन्हाळ्याची म्हणून ढीगभर गाणी फोनवर पाठवली, नवी-जुनी, शहरातली-गावातली सगळी सरमिसळ. मी रोज सकाळी आजोबा फिरायला गेले की भाजी निवडत ती ऐकायला बसे. भाषा कळत नव्हती, तेव्हा चालीवरून कप्पे केले: नवरानवरी हॉलमध्ये येतानाची, जेवतानाची आणि नाचाची.

येतानाचं गाणं मला लगेच सापडलं. बाईचा इतका मऊ आवाज, मागे पियानो, मधूनच किणकिण. मी ते मामाला ऐकवलं. त्याने फोनवर अर्थ काढला आणि माझ्याकडे बघत बसला.

‘आई, उन्हाळा संपतो आणि ती त्याला सोडून जाते.’

‘कुठे जाते?’

‘कायमची जाते.’

दुसरं काढलं. त्यात दोघं आतषबाजी बघतात आणि पुढच्या वर्षी तो एकटाच बघतो. तिसऱ्यात तर ती बहुधा आधीच वारलेली होती.

‘काय रे,’ आजोबा वर्तमानपत्रातून म्हणाले, ‘तुझ्या सासुरवाडीत उन्हाळ्यात कोणी सुखी नसतं का?’

मामीला विचारलं तर ती खळखळून हसली. त्यांच्याकडे उन्हाळा म्हणजे थोड्याच दिवसांची मजा, म्हणून गाणी हुरहुरीची. भुतांच्या गोष्टीही उन्हाळ्यातच सांगतात. अंगावर काटा आला की गार वाटतं म्हणे.

‘आम्ही एसी लावतो,’ आजोबा म्हणाले.

शेवटी येतानाचं गाणं समुद्रावर पोहायला जाणाऱ्या मुलांचं ठरलं. त्यात कोणीही बुडत नाही याची मी मामाकडून दोनदा खात्री करून घेतली. पण खरी मला आवडली ती नाचाची जुनी गाणी. ढोल, एक पुरुषाचा मोकळा आवाज, मध्ये सगळ्यांनी घातलेली साद. पोळ्या लाटताना ती लावली की लाटणं आपोआप ठेक्यात पडे. आमचा डीजे मूळचा रत्नागिरीकडचा, दिवसा जबल अली बंदरातल्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. त्याने ती ऐकली आणि म्हणाला, ‘काकू, ह्यो तर आमच्या बाल्या नाचाचा मावसभाऊ. पब्लिक उठतंय का नाय बघा!’

पब्लिक उठणारच होतं. पण त्याआधी पुण्याहून थोरल्या जाऊबाई आल्या, म्हणजे तुमच्या आईची काकू.

एक गोष्ट आधी सांगते. मामीचं नाव घरात पहिल्यांदा निघालं तेव्हा पुण्यातल्या नातेवाइकांची तोंडं जाऊबाईंनीच बंद केली होती. ‘मुलगी शिकलेली आहे, मोठ्यांशी बोलताना आवाज चढवत नाही, तुमच्या सुनांचं काय?’ असं त्यांनी भर हळदीकुंकवात विचारलं होतं. तेव्हा त्यांच्याविषयी भलतं मनात आणू नका.

त्या आल्याच्या संध्याकाळी दिवाणखान्यातलं टेबल बाजूला सारून मामी आम्हाला पावलं शिकवत होती. जाऊबाई खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होत्या. चांगलं चाललं होतं. मग त्यांनी सहज विचारलं, ‘हा उत्सव कुठल्या देवाचा गं?’

मामी सरळ मुलगी. तिने सरळ सांगितलं. देवाचा नाही, पूर्वजांचा. त्या दिवसांत घरातली गेलेली माणसं घरी येतात. त्यांच्यासाठी दिवे लावायचे, त्यांच्या आवडीचं जेवण मांडायचं, आणि ती आली म्हणून नाचायचं.

जाऊबाईंच्या टाळ्या थांबल्या.

‘म्हणजे पितृपक्ष,’ त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. ‘अगं, पितृपक्षातली गाणी तू लग्नात लावणार आहेस?’

गाण्याची लांबी, ठेका, क्रम, सगळं मी विचारलं होतं. गाणी कोणासाठी म्हणतात ते विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

‘काकू, चिल,’ मामा म्हणाला.

‘चिल म्हणे! कावळ्यांनाही पत्रिका पाठव मग. पहिल्या पंगतीला बसव त्यांना.’

मामीला मराठी पुरतं कळत नाही, पण जाऊबाईंचा सूर कळला. मामाने नाइलाजाने अर्थ सांगितला. ती वाद न घालता म्हणाली, ‘मोठ्यांना नको असेल तर नको,’ आणि तिथल्या तिथे तिच्या आणि माझ्या फोनमधून ती गाणी पुसून टाकली. मग चहा ठेवते म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मी नाचाच्या जागी हिंदी गाणी घातली आणि डीजेला कळवलं. आपल्याकडे घरातल्या थोरल्या बाईचं मन मोडून कार्य करत नाहीत. आणि खरं सांगते, मीही थोडी चरकलेच होते. लग्नघरात काय ऐकावं, काय ऐकू नये, हे इंग्रजी शाळेत शिकून पुसलं जात नाही. पण मामीच्या बाबांचं काय, ते काही माझ्या टाइमटेबलात बसेना.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी देवक बसवायचं होतं. होम लग्नाच्या हॉलमध्ये ठेवला होता, कारण आमच्या बिल्डिंगचा स्मोक अलार्म कुठलाच मंत्र मानत नाही. पण बिनधुराचे विधी घरीच होते. गुरुजी आठवडाभर एका कंपनीत अकाउंट्स बघतात आणि सुटीच्या दिवशी पूजा सांगतात. पाटावर आजोबा, शेजारी मी, मागे जाऊबाई. मामीचे आईवडील आणि आत्या आदल्याच दिवशी विमानाने आलेले. ते त्याच सोफ्यावर, तशीच पाठ सरळ ठेवून बसलेले. मामी जमिनीवर बसून त्यांना हळू आवाजात सगळं सांगत होती.

गुरुजींनी आजोबांना त्यांच्या वडिलांचं नाव विचारलं, मग त्यांच्या आजोबांचं, मग पणजोबांचं. ती आजोबांनी धडधड सांगितली. मग आईचं, आजीचं. पणजीच्या नावाशी ते अडखळले. मागून जाऊबाईंनी नाव सांगितलं. ‘लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पाठ करून घेतलं होतं,’ त्या म्हणाल्या.

व्याह्यांनी मामीला काहीतरी विचारलं. तिने गुरुजींना विचारलं, ‘ही कोणाची नावं आहेत? उद्या येणाऱ्या पाहुण्यांची?’

‘एका अर्थी तसंच,’ गुरुजी म्हणाले. ‘हे नांदीश्राद्ध. घरात मंगलकार्य असलं की आधी पितरांना बोलवायचं, त्यांचा आशीर्वाद घ्यायचा. त्यांच्याशिवाय लग्न पुढे जात नाही.’

मामीने ते बाबांना सांगितलं. मी व्याह्यांकडे बघत होते. ते सोफ्याच्या कडेशी आले. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावरचं ते पाहुण्याचं हसू गेलं आणि तिथे कुतूहल आलं. त्यांनी एक लांबलचक प्रश्न विचारला. मामी जाऊबाईंकडे बघून घुटमळली.

‘काय म्हणतायत? सांग की,’ जाऊबाई म्हणाल्या.

‘बाबा विचारतात, ते इतक्या लांब, दुबईपर्यंत येतात का?’

‘इन्शाल्ला,’ आजोबांच्या तोंडून सवयीने निघून गेलं. गुरुजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी घाईघाईने आचमन केलं.

‘आणि विचारतात,’ मामी आवाज आणखी खाली आणून म्हणाली, ‘ते आले की तुम्ही त्यांच्यासमोर नाचता ना?’

गुरुजी घसा खाकरून म्हणाले, ‘तसं शास्त्रात काही नाही. आपण नमस्कार करतो.’

‘नुसता नमस्कार?’ व्याही म्हणाले. हे मामीने सांगायच्या आधीच आम्हाला कळलं.

मी मागे वळून पाहिलं. जाऊबाई समोरच्या नारळाकडे एकटक बघत होत्या. आमच्या सासूबाईंचं शेवटचं आजारपण त्यांनीच काढलं होतं. सासूबाईंचे गुडघे दुखत, जिना चढवत नसे, पण मंगळागौरीला फुगडी म्हटलं की त्या पदर खोचून सगळ्यांत आधी उभ्या राहत. डॉक्टरांनी मनाई केल्यावर पलंगावर बसून नुसत्या पावलांनी ठेका धरत.

‘आज बोलावलं आपण त्यांना,’ जाऊबाई हळूच म्हणाल्या. ‘नाव घेऊन बोलावलं. आणि त्या एवढ्या लांब येऊन उद्या संध्याकाळी हिंदी गाणी ऐकत बसणार?’

‘काकू, जपानी तरी कुठे कळेल त्यांना?’ मामा म्हणाला.

‘फुगडीला भाषा लागते का रे? गप्प बस.’ मग त्या मामीला म्हणाल्या, ‘बाळा, तुझे बाबा बरोबर बोलले. लाव ती गाणी. पण मला नीट शिकव. चुकले तर सासूबाई माझी खरडपट्टी काढतील. त्यांना अर्धवट काम खपायचं नाही.’

मामाने इंग्रजीत सांगेपर्यंत मामी जाऊबाईंच्या गळ्यात पडली होती. ‘विधी संपायचाय अजून,’ गुरुजी म्हणाले.

आता गाणी पुन्हा जमवायची होती. डीजेला फोन केला तर तो म्हणाला, ‘काकू, ते फोल्डर तर मी खलास केलं!’ तेव्हा दुपारची जेवणं झाल्यावर मी व्याह्यांनाच बसवलं. माझे कप्पे त्यांना दाखवले. त्यांनी ते आदराने पाहिले आणि बाजूला ठेवले. मग मामीमार्फत मला विचारलं, सासूबाई कोणत्या काळातल्या? मी अंदाजाने सांगितलं. त्यांनी मान डोलावली. नवी गाणी जेवताना लावा, म्हणाले, पण नाचाला जुनीच हवीत. आलेल्या पितरांना ठाऊक असलेली.

इतके दिवस मी गाणी निवडत होते, पण ही कसोटी मला सुचली नव्हती. व्याही डोळे मिटून गुणगुणत, मामी फोनवर ते गाणं शोधून काढी, आणि ते ‘हं’ म्हणाले की मी लिहून घेई. एक कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्यांचं निघालं, एक मासेमाऱ्यांचं, एक त्यांच्या आजीच्या आवडीचं. एक संथ, फार गोड गाणं मला आधीपासून आवडत होतं. ते मी सुचवलं. व्याह्यांनी हाताने नको केलं.

‘ते शेवटच्या दिवशीचं,’ मामी म्हणाली. ‘पूर्वजांना निरोप द्यायचं. बाबा म्हणतात, आत्ताच तर आलेत, इतक्यात हाकलायचं कशाला?’

लग्न कसं लागलं ते तुम्ही व्हिडिओत पाहिलंच आहे. संध्याकाळची गोष्ट मात्र व्हिडिओवाल्याने नीट घेतली नाही, तो जेवायला बसला होता.

डीजेने पहिला ढोल वाजवला आणि आमचं निम्मं करामा उठलं. पण नाचलं कसं, तर आपल्याला येतं तसं. सगळे गोलाच्या मध्याकडे तोंड करून टाळ्या पिटायला लागले. कोणी गरबा करत होतं, कोणी गणपतीची मिरवणूक. डीजे स्वतः बाल्या नाचत होता. मामीचं लक्ष कोपऱ्यातल्या टेबलाकडे. तिथे तिचे आईवडील आणि आत्या बसून हसत टाळ्या वाजवत होते. गाणं अर्ध्यावर आलं. व्याही उठेनात. मामीने माझा हात धरला होता, तो घट्ट होत गेला.

मग आजोबा गोलात शिरले. गाणं खाणीचं होतं, त्यात हातवाऱ्यांनीच फावड्याने कोळसा काढून खांद्यावरून मागे टाकायचा असतो. आजोबांनी तो मागे न टाकता समोर टाकला, सरळ गुरुजींच्या अंगावर. पुन्हा तसंच केलं. व्याह्यांचं हसू मावळलं. त्यांनी विहीणबाईंना काहीतरी म्हटलं. तिसऱ्यांदा आजोबांनी कोळसा समोर टाकला तेव्हा व्याह्यांनी कोट काढून खुर्चीवर ठेवला, ताड ताड चालत आले आणि आजोबांना दोन्ही खांदे धरून वळवलं. मध्याकडे तोंड नाही, पुढच्याच्या पाठीकडे! मग गुरुजींना वळवलं. डीजेला तर मनगट धरून ओढलं. जाऊबाईंचा हात कोपरातून वाकत होता, तो त्यांनी बोटाने टिचकी मारून सरळ केला.

‘अहो, दुखतं!’ जाऊबाई मराठीत म्हणाल्या.

व्याही जपानीत बरंच काही बोलले. जाऊबाईंनी हात सरळ ठेवला.

‘काय म्हणतायत ते?’ मी मामीला विचारलं.

‘म्हणतात, हे काय चालवलंय? असं करतात का? लाज वाटली पाहिजे!’ तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. ‘आई, बाबा चिडलेत! सगळ्यांवर चिडलेत!’

पाहुणा काही कोणाला असं बोलत नाही. तेवढ्यात व्याह्यांनी डीजेला हातानेच खूण केली, गाणं पहिल्यापासून लाव. आणि मग त्यांना आम्ही दोघी कडेला गप्पा मारत उभ्या दिसलो. त्यांनी तिथूनच आपल्या लेकीच्या नावाने हाक मारली, अशी की अख्ख्या हॉलने ऐकली. मामीने पैठणीच्या निऱ्या मुठीत धरल्या, दुसऱ्या हाताने मला ओढलं, आणि आम्ही दोघी त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिलो.